थैली खाली

२ मे
झाशीला पोचले! सागरहून गाडी वेळेवर आली आणि घरचा मुलगा, मंदारभैया, स्वतः स्टेशनवर घ्यायला आले होते. घर खंडेराव गेटच्या आत, दुमजली, नुकताच रंग दिलेलं. माझी खोली वर, नानासाहेबांच्या खोलीला लागून. खिडकीतून शेजारची गच्ची दिसते, तिच्यावर कुरडया वाळत घातल्या आहेत. शशिकलाकाकूंनी सांगितलं की या घरात बाई ठेवायची तर मराठीच. हिंदी बाहेर, चपलांपाशी. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

नानासाहेब काकूंचे यजमान. त्यांच्या किडन्या थांबल्या आहेत. पोटात बसवलेल्या नळीतून दिवसातून चार वेळा दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं. काही तासांनी ते अंगातली घाण घेऊन दुसऱ्या पिशवीत उतरतं, मग नवं सोडायचं. हे मी डायलिसिस केंद्रात पंधरा दिवस नीट शिकले आहे.

माझ्या आधी हे काम करणाऱ्या चंपाची नोंदवही मिळाली. मागची पानं कोरी होती, तिथेच वर ‘चारुता’ असं माझं नाव घालून ही रोजनिशी लिहिते. पुढच्या पानांवर नुसते आकडे: आत किती सोडलं, मग दोन वजनं (सकाळचं आणि संध्याकाळचं असावं), आणि अखेरच्या सहा नोंदींपुढे ‘थैली खाली’. निचऱ्याची पिशवी पोटापेक्षा खाली ठेवली नाही तर पाणी उतरत नाही. आठवणीनं लिहायची म्हणजे कामसू बाई होती. शेवटची ओळ ‘चंपा खाली’. तिची खोली खाली असेल.

बाबांनी मला शाळेआधी घरीच पाटीवर लिहायला शिकवलं. झालं तेवढंच लिहायचं, हा त्यांचा नियम. पहिली नोंद तशीच केली: आत २०००, बाहेर २१००. नानासाहेबांचं वजन ५८. काट्यावर मीही उभी राहिले: ४६.

४ मे
पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुवायचे, मगच नळीचं टोपण काढायचं. मे महिन्यात झाशीत पंखा बंद केला की भिंतीसुद्धा घामेजतात. काकू दारात उभ्या राहून बघतात. आज म्हणाल्या, आम्ही जन्मभर सोवळं पाळलं, तू कोण हात धुवायला शिकवणारी.

दुपारी पाणी थेंबथेंब उतरत होतं. घाबरले. मग पाहिलं तर नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केली, भराभर उतरलं. मंदारभैया म्हणाले, सागरची पोरगी आणि दोन लिटरला घाबरते!

थोडं पाणी फरशीवर सांडलं. त्यात साखर असते, लगेच मुंग्या आल्या. पुसलं.

७ मे
आत २०००, बाहेर १७००. संध्याकाळी १६००.

केंद्रातल्या सिस्टरना फोन केला. त्यांनी एकेक विचारलं. नळीचा चिमटा, क्लॅम्प, पूर्ण उघडला का? नळीत पांढरे धागे दिसतात का? पोट साफ होतं का? बद्धकोष्ठानं आतडं नळीवर दाबतं. इसबगोल द्या, कुशीवर वळवा, थोडं चालवा. पाणी गढूळ आलं किंवा पोट दुखलं तर लगेच घेऊन या.

सगळं केलं. पाणी स्वच्छ, पोट साफ. तरी कमीच.

गंमत म्हणजे नानासाहेबांना सूज नाही, पोट सपाट, वजन ५८. गालांवर रंग आलाय. आज दोन पोळ्या मागून घेतल्या. काकूंनी माझ्या ताटातली काढून तिसरी त्यांना वाढली.

९ मे
दोन दिवसांत आणखी १९०० कमी. मी म्हटलं, यांना केंद्रात न्यायलाच हवं. मंदारभैया म्हणाले, गाडी उद्या. काल पण उद्याच म्हणाले होते. काकू म्हणाल्या, आधीच्या पोरीही असंच भुंकायच्या.

पोरी. मला एकट्या चंपाचंच माहीत होतं.

मुंग्या आता पिशवीकडे जात नाहीत. नानासाहेबांच्या पलंगाखालून निघून ओळ सरळ माझ्या खोलीत येते. गादी झटकली, चादर धुतली. पुन्हा आल्या.

११ मे
सलवारीची नाडी पुरत नाही. दुपारी कुशीवर वळले तर पोटात काहीतरी हिंदकळलं, भरल्या घागरीसारखं.

काकूंनी पाहिलं. विचारलं, लग्न झालेलं नाही ना गं तुझं? चंपाही पोट घेऊनच गेली म्हणाल्या, आणि मंदारभैयांकडे बघून हसल्या. मंदारभैया म्हणाले, आई, मला कशाला त्यात ओढतेस, ती एरच गावची अडाणी, तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, मी काय बोलणार तिच्याशी!

काकूंचं हसू गेलं.

मराठीचा एक शब्द कळत नव्हता.

मी वही उघडली. थैली खाली. थैली खाली. थैली खाली. सहा नोंदी. मी मराठीत वाचत होते.

ती हिंदीत लिहीत होती. रिकामी. सहा वेळा दोन लिटर आत, आणि बाहेर काही नाही. तो माणूस फुगून मरायला हवा होता.

शेवटची ओळ पुन्हा वाचली: चंपा खाली. वही मिटली.

१२ मे
चंपाची दोन वजनं सकाळ-संध्याकाळची नाहीत. एक सदैव ५८. दुसरं तिचं स्वतःचं: ५१, मग त्या सहा नोंदींत ५३, ५५, ५७, ५९, ६१, ६३.

काट्यावर उभी राहिले. ५१.२. आल्यापासून बाहेर कमी आलेल्या पाण्याची बेरीज तीनदा केली. पाच लिटर दोनशे.

तीनदा तेच.

१३ मे
केंद्राला फोन करणार होते. फोन नाही. काकू म्हणतात, चार्जिंगला लावलाय, खाली. जिन्याचं दार बाहेरून लावलेलं.

पाणी सोडलं नाही तर नानासाहेब मरतील. सोडलं तर मी. सकाळची पिशवी हातात धरून बसले होते. मी कधी कुणाची एक वेळ चुकवलेली नाही. कधीच नाही.

सोडलं. बाहेर शून्य.

मला श्वास—

१४ मे
वजन ५९. आडवं झालं की गुदमरते. मुंग्या पायांवर. झटकत नाही आता.

मंदारभैया खिडकीखाली फोनवर बोलत होते. सोमवारपासून नवी मुलगी हवी. मराठीच हवी.

काकूंनी एक गाऊन आणून टाकला. ढगळ. म्हणाल्या, चंपाला नीट बसला होता.

१५ मे
ठरवलं. आज क्लॅम्प उघडणार नाही. सांगितलं तसं. हात जोडून सांगितलं, यांना केंद्रात न्या, मी सोबत येते, हवं तर मीच चूक केली म्हणते—

नानासाहेब उठले. तेरा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून. पंखा बंद केला. खिडकी लावली. हात धुतले, कोपरापर्यंत, मी धुते तसेच. पिशवी टांगली.

काकूंनी वही पुढे केली. म्हणाल्या, चंपानं आपल्या हातानं लिहिलं होतं, तूही लिही.

मी म्हटलं, झालं तेवढंच लिहिते. अजून झालेलं नाही.

नानासाहेब म्हणाले, होतंय.

क्लॅम्प उघडला. टप् टप्—आत कोमट चढतंय, छातीपर्यंत—कुठल्या भाषेत लिहू, काकू, खाली म्हणजे—

चारुता खा—