घरी विचारून सांगते

बाबा, आज वर्गात मी पोरींकडून "यस सर" म्हणवून घेतलं. पुन्हा पुन्हा, चढ्या आवाजात. तुम्ही सकाळच्या ड्यूटीआधी स्टोव्हवर चहा ठेवायचात आणि मला शेजारी उभं करून धनज, कामरगाव, कारंजा असे थांबे ओरडायला लावायचात. "मांगच्या सीटवरच्या बाईले आयकू गेलं पायजे," म्हणायचात. कंडक्टरच्या पोरीला तेवढं तरी आलं पाहिजे, असा तुमचा हट्ट. तो आवाज अजून कामी येतो. फक्त तेव्हा ओरडताना मला हसू फुटायचं, आज घसा दुखला.

तुम्ही मला वाशीमजवळच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलाखतीला घेऊन आला होतात, तिथंच आहे मी. संवादकौशल्य, नीतिमत्ता, मुलाखतीची तयारी, सगळं एकाच तासात कोंबून शिकवते. पोरं त्याला 'बोलायचा तास' म्हणतात आणि निवांत पेंगतात. उठवलं की एका सुरात स्वतःची ओळख करून देतात. सगळेच कष्टाळू, सगळेच प्रामाणिक. कंपनी वर्षातून एखादी येते, तीही आली तर. खरं सांगायचं तर या तासातून कुणाचं काही भलं होतं, असं मला आता वाटत नाही.

मागच्या वर्षी अनसिंगकडची एक मुलगी होती. वडील बागायतीत वांगी, मिरची पिकवून वाशीमच्या बाजारात आणणारे. दिलेला शब्द पाळता आला पाहिजे, नाहीतर देऊ नये, असं मी शिकवत होते, तर ही एकटीच उठली. "मॅडम, हो म्हननं आपल्या एकट्याच्या हाती नसलं तं?" मी म्हटलं, मग तसं स्पष्ट सांगावं. तिनं ते मनावर घेतलं. पुण्याची कंपनी आली, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, आणि ती इतकं छान बोलली की मलाच माझा हेवा वाटला. शेवटी त्या साहेबांनी हसत विचारलं, "मग, पुण्याला येणार ना?" ती म्हणाली, "सर, घरी विचारून सांगते."

आपल्याकडं याचा अर्थ काय, ते तुम्हाला सांगायला नको. माझं मनातून ठरलंय, फक्त मोठ्यांचा मान राहू द्या. आपल्याकडची चांगल्या घरची पोरगी असाच होकार देते. साहेबांना त्यात वेगळंच दिसलं. हिला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, असं ते ती बाहेर गेल्यावर शेजारच्याला म्हणाले. मी मध्ये बोलून पाहिलं, पण त्यांनी पुढचं नाव पुकारलं होतं. बाहेर ती खुशीत माझ्या हाताला धरून म्हणाली, "मॅडम, झालं माह्यं."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. स्टाफरूमच्या दाराबाहेर चपला काढून, पिशवीभर वांगी घेऊन. "मॅडम, पाठोतो मी तिले पुन्याले. सांगा त्याईले." जागा भरली होती. मी सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पन तिनं नाई कुठं म्हनलं?" ते म्हणाले. "इचारलं फक्त. आन् मी तं हो म्हनलो असतो ना."

वांग्यांची पिशवी माझ्या टेबलावर तशीच ठेवून ते गेले. नंतर दुसरी कंपनी आलीच नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, कामरगावला दिली. त्याला हो म्हणताना तिला कुणी विचारलं की नाही, ठाऊक नाही.

मला माझी मुलाखत आठवते. तुम्ही रजा काढून बाहेर कडुलिंबाखाली बसला आहात. कधी येणार म्हणून विचारतात आणि मी म्हणते, बाहेर बाबा बसलेत, विचारून येते. म्हातारे प्राचार्य हसतात, म्हणतात, जा. मी धावत येते, आणि तुम्ही जागचे न हलता खेकसता, "मले काय इचारतं? नोकरी तुले करा लागते. जाय, सांग त्याईले." मग बसस्टँडवर आलूबोंडा खाऊ घातलात. मी जाऊन येईपर्यंत ते प्राचार्य थांबले होते. आता कुणी थांबत नाही.

म्हणून आता मी शिकवते, आधी हो म्हणा, घरी मागून विचारा, घरचे नाही म्हणाले तर फोन करून कळवा. आज एका पोरीनं विचारलं, "मॅडम, हे खोटं नाई होत?" मी म्हटलं, आवाज वाढव, मागं ऐकू येत नाही. बाबा, तिचं बरोबर होतं आणि मला तिला गप्प करायचं होतं. असं करत मला इथं राहवत नाही, आणि सोडून करू काय, तेही सुचत नाही.

दुपारी आताच्या प्राचार्यांनी बोलावलं. पुढच्या वर्षी हा तास तुम्हीच घ्याल ना, म्हणाले. हो म्हणायचं की नाही, एवढंच होतं. वर्गात मी त्याचीच तालीम घेऊन आले होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, घरी विचारून सांगते."

ते बरं म्हणाले. घरी आले, कुलूप काढलं, चहा ठेवला. तुम्ही गेल्यापासून विचारायला इथं कुणी नाही, बाबा, म्हणून हे लिहायला बसले.