तिसऱ्या क्रॉसचं नाव

श्री

बंगळूर, ता. ९ फेब्रुवारी १९६१

ती. सौ. गोदूअक्कास, शेषगिरीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र अखेर काल मिळालं. आधी ते राजाजीनगरच्या तिसऱ्या क्रॉसवर गेलं होतं. तिथल्या सद्गृहस्थांनी ते फोडून वाचलं आणि पोस्टमनजवळ परत दिलं. सोबतचा तिळगूळ मात्र आला नाही, तो त्यांना गोड लागला असावा.

ह्या गावाचं काय करावं तेच कळत नाही. नवी वसाहत उठली की आडवे रस्ते क्रॉस आणि उभे रस्ते मेन, आणि प्रत्येक ठिकाणी मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून आमच्या हौसिंग सोसायटीने आता रस्त्यांना नावं द्यायची ठरवलीत. मी पडलो सेक्रेटरी, त्यामुळे डोकं माझंच फिरायचं. आमच्या तिसऱ्या क्रॉसवर कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी सगळेच आहेत, आणि जो तो आपल्या आजोबांचं नाव घेऊन येतो. देवाचं नाव म्हणावं तर कुठला देव? झाडाचं म्हणावं तर रस्त्यावर एकच शेवगा आहे आणि त्यावर सुरवंट. अध्यक्ष कृष्णमूर्तींनी वैतागून नियमच केला, की सभासदांचे नातेवाईक नकोत, देव नकोत आणि हयात माणूस तर मुळीच नको, कारण हयात माणूस उद्या काय करील सांगता येत नाही.

भावोजींनी स्वतः साखळी धरून हे रस्ते आखले तेव्हा एवढं भांडण होईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. भाची अनुसूयेस आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, तो ह्या पत्त्यावर पोचेल तेवढा पाठवीत जा.

तुझा,
शेषगिरी

श्री

धारवाड, ता. २० फेब्रुवारी १९६१

चि. शेषगिरीस गोदूअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून अनुसूया आणि मी पोट धरून हसलो. अरे, ज्यांनी रस्ते आखले त्यांना तरी ते कुठे सापडत होते? बंगळूरला चामराजपेठेत असताना संध्याकाळी कचेरीतून यायचे ते पुढच्या गल्लीत शिरून परक्यांच्या ओसरीवर चपला काढायचे. ती माणसं कॉफी पाजून परत पाठवायची. कागदावर अख्खं गाव काढतील, पण आपलं दार विचारल्याशिवाय सापडायचं नाही.

तिसऱ्या क्रॉसवर माझ्या नावाचा प्लॉट आहे, त्यात कुणाची शेरडं शिरू देऊ नकोस. हे आले की घर बांधायचं आहे.

इथे मात्र दीर आप्पाजींनी पिच्छा पुरवलाय. येत्या वैशाखात हे बद्रीनाथला गेल्याला बारा वर्षं होतात. शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट पाहावी आणि मग दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकावी, असं ते रोज ऐकवतात. मी सांगितलं, ज्याने पाहिलं असेल त्याने यावं आणि करावं. सोबतचे लोक तर एवढंच सांगतात की जोशीमठापर्यंत बरोबर होते, पुढे आणखी थोडं पाहून येतो म्हणाले. गवताचा पुतळा जाळून मी कुंकू पुसायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. बाकी ठीक. माया आहे तेवढीच राहू दे, वाढवलीस तर खर्च मागशील.

तुझी,
सौ. गोदूअक्का

श्री

बंगळूर, ता. ६ मार्च १९६१

ती. अक्कास, शेषगिरीचा नमस्कार, वि. वि.

एक आनंदाची बातमी आहे. आनंदाचीच आहे असं मला परवापर्यंत वाटत होतं, आता काही समजेनासं झालंय.

परवाच्या सभेत रात्र व्हायला आली तरी भांडण मिटेना. इतक्यात कृष्णमूर्ती म्हणाले, की ही सोसायटी ज्यांनी जमवली, ही जमीन ज्यांनी मोजली, त्या हयवदनरावांचं नाव तिसऱ्या क्रॉसला का देऊ नये? सगळ्यांनी हात वर केले. आमच्या सोसायटीत एकमताने झालेली ही पहिली गोष्ट. मला भरून आलं. अनुमोदन मीच दिलं. नातेवाइकांचा नियम माझ्यासाठी मोडायलाही सगळे तयार झाले.

घरी येऊन सांगितलं तर हिने ताट वाढता वाढता विचारलं, की हयात माणसाचं नाव द्यायचं नाही असा तुमचा नियम आहे ना, मग भावोजी गेले असं ठरलं का? अक्का, शपथेवर सांगतो, हात वर करताना माझ्या हे डोक्यातच आलं नाही. आता पेंटर विचारतो की नावाआधी दिवंगत लिहू ना? त्याला थांबवून ठेवलंय. तू काय म्हणतेस? लवकर कळव. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा,
शेषगिरी

श्री

धारवाड, ता. १४ मार्च १९६१

चि. शेषगिरीस आशीर्वाद.

पत्राच्या वर सौ. लिहायला विसरलास की मुद्दाम गाळलंस? लपवू नकोस. तुझा हात तिथे अडखळला असणार. आप्पाजींना दर्भ तरी लागत होता. तू नुसता हात वर करून माझं कुंकू पुसलंस!

अनुसूयेला बाप आठवतो तो फक्त त्यांच्या खांद्यावर बसल्याचा, चेहरा आठवत नाही. तिने विचारलं, आई, बाबांच्या नावाचा रस्ता झाला तर आपण रडायचं की पेढे वाटायचे? नाव व्हावं असं मला वाटत नाही का? त्या मोकळ्या माळावर उन्हात उभे राहून साखळी ओढताना मी त्यांना पाहिलंय, डबा घेऊन मीच जात होते. पण त्या नावाची किंमत म्हणून मी त्यांना मारू?

कृष्णमूर्तींना माझा एवढाच निरोप सांग. हे हयात असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही, पण ते गेले हे कुणी पाहिलंय का? पाहिलं नसेल तर दिवंगत हा शब्द रंगवायचा नाही. नाव लावायचं तर लावा, नाहीतर तिसरा क्रॉस राहू दे. रागावले आहे, तरी तू माझा भाऊच आहेस.

तुझी,
सौ. गोदूअक्का

श्री

बंगळूर, ता. २ एप्रिल १९६१

ती. सौ. सौ. सौ. गोदूअक्कास, शेषगिरीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मागची बाकी वर फेडली आहे.

तुझा निरोप सभेत सांगितला आणि जो गोंधळ उडाला तो काय सांगू! एक म्हणाले, बारा वर्षं म्हणजे गेलेच. दुसरे म्हणाले, बारा कुठे पुरी झालीत? तिसऱ्यांनी हळूच आपल्या आजोबांचं नाव पुन्हा काढलं. त्याबरोबर कृष्णमूर्ती घाबरून उठले आणि म्हणाले, की ते हयात आहेत की नाहीत हे देवाला ठाऊक, नुसतं नाव लिहा आणि घरी जा. तर पाटी उद्या लागते. नावाआधी काही नाही, नावानंतर रस्ता. आता तरी राग स्वल्प कमी कर, आणि केव्हा येतेस ते कळव.

तुझा,
शेषगिरी

श्री

बंगळूर, ता. २८ एप्रिल १९६१

चि. अनुसूयेस आईचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. पण कशी पोचले ते ऐक. येते म्हणून मामाला पत्र टाकलं होतं ना? सवयीने त्यावर तिसरा क्रॉसच लिहिलं. ते पुन्हा राजाजीनगरला गेलं. स्टेशनवर कुणी नाही! शेवटी घोड्याचा जटका केला. बनशंकरीच्या अलीकडे, एवढं सांगता आलं. वसाहतीत शिरल्यावर जटकेवाला विचारतो, अम्मा, कुठला रस्ता? तिसरा क्रॉस म्हटलं तर त्याने दोन तिसरे क्रॉस दाखवले, दोन्ही आपले नव्हेत. सेक्रेटरी शेषगिरी म्हणून विचारलं तर मामाला तिथे कुत्रंही ओळखत नाही.

कोपऱ्यावर एक फुलवाली होती. तिने विचारलं, की रस्त्याला आता पाट्या लागल्यात, नाव काय रस्त्याचं? आणि माझी वाचाच बसली. अगं, लग्नानंतर ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी तोंडाने घेतलेलं नाही. पाटीसाठी एवढी भांडले, पण हे नाव आपल्यालाच उच्चारावं लागेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. घोडा थांबलेला, जटकेवाला कुरकुरतोय, ऊन डोक्यावर. शेवटी डोळे मिटले आणि म्हटलं, हयवदनराव. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हटलं, चांगलं मोठ्याने. हाक मारल्यासारखं वाटलं. रस्त्यातच रडू आलं मला.

फुलवालीला रस्ता ठाऊक होता. शेवग्याकडून वळा म्हणाली. मग तिने विचारलं, ते हयवदनराव तुमचे कोण? मी सांगितलं, माझे यजमान. तिने विचारलं, घरी आहेत का? मी म्हटलं, अजून यायचे आहेत. सरी, बरं म्हणून तिने मल्लिगे-मोगऱ्याची माळ हातभर जास्त मोजली, आणि मी ती तिथेच केसांत माळली.

प्लॉटवर पाया खणायला वैशाखातच सांगितलंय. आप्पाजीकाकांना नमस्कार सांग आणि पुतळ्याचा दर्भ गाईला घालायला सांग. तू पत्र लिहिशील तेव्हा पत्त्यावर तुझ्या बाबांचं नाव पूर्ण लिही. नुसता तिसरा क्रॉस लिहिलास तर घर सापडायचं नाही.

तुझी आई,
सौ. गोदूबाई