ताप आत आला कुठून

बाई, सापडला! शाळेत असते तर व्हरांड्यातून धावत येऊन हेच ओरडले असते आणि तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणाला असता, “आधी श्वास घे, मग बोल.” तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, इथे श्रीवर्धनला डॉक्टरकी करताना माझे केस पिकायला लागले, तरी आज घरात पाऊल टाकलं आणि तुम्हीच आठवलात. नवऱ्याला सगळं सांगून झालं. तो “बरं झालं” म्हणाला आणि जेवायला बसला. तुम्ही असं एवढ्यावर सोडलं नसतं.

तुमचं बोर्लीतलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मी पेपरात प्रत्येक उत्तराला ‘जंतूंमुळे रोग होतो’ एवढंच लिहिलं होतं, म्हणून तुम्ही घरी बोलावलंत. मला वाटलं, आता बसणार मार. तुम्ही मला ओट्याजवळ उभं केलंत. “बाजारात कोळणीला नुसतं ‘मासा दे’ म्हणतेस का? बांगडा की बोंबील, सांगावं लागतं ना? मग जंतू म्हणजे कोण? वाढतो कसा? आत शिरतो कुठून?” मग विरजणाची वाटी पुढे येते. यातले जीवाणू आपल्या कामाचे, पण रोग करणारेही असेच वाढतात, मधोमध दुभंगून एकाचे दोन, दोनांचे चार. मग बुरशी आलेला पाव. मी फुंकर मारायला जाते आणि तुम्ही माझं तोंड दाबता, “बीजाणू उडतील, नाकात जातील!” हिवतापाचा परजीवी डासाच्या सोंडेतून येतो, आधी यकृतात आणि मग रक्ताच्या तांबड्या पेशींत वाढतो, त्या फोडून बाहेर पडतो तेव्हा माणूस थंडीने कुडकुडतो. आणि विषाणू? तुम्ही शेगडीकडे बोट दाखवलंत. “त्याला स्वतःची चूलच नाही. दुसऱ्याच्या पेशीत घुसायचं, तिच्याच भांड्यांत, तिच्याच शिध्यावर आपल्यासारखे आणखी करून घ्यायचे आणि निघून जायचं.” घरी जाताना मी वाटेतल्या प्रत्येक डबक्यात वाकून बघितलं होतं.

तर ऐका. सध्या भातलावणीचे दिवस आहेत आणि या दिवसांत इथे नाना तऱ्हेचे ताप येतात. गेल्या आठवड्यात आतल्या गावातला एक शेतकरी बायकोला जवळजवळ उचलूनच घेऊन आला. ती तापाने फणफणलेली, डोळे लाल, त्यात पिवळी झाक, लघवी कमी झालेली. पोटऱ्यांना हात लावू देईना. हिवतापाची तपासणी केली, काही नाही. डेंग्यूची केली, काही नाही. तिचा नवरा उठलाच. “कावीळ हाय ही. गावात काविळीवर मुळ्यांची माळ घालत्यात, न्हेतो हिला घरी.” घरी नेली असती आणि मूत्रपिंडं बंद पडली असती तर ती वाचली नसती, बाई. मी त्याला “जरा थांबा” म्हणाले आणि तिच्या पायांवरची चादर बाजूला केली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, कातडी पांढरी पडून फाटलेली.

“शेतात अनवाणी होतात?”

“व्हय. बूट रुततात चिखलात.”

“उंदीर आहेत बांधावर?”

एवढ्या तापातही ती हसली. “उंदराबिगर शेत असतं व्हय?”

लेप्टो! उंदराच्या मुतातून खाचरात उतरणारा, साचलेल्या पाण्यात तग धरणारा, फाटक्या कातडीतून रक्तात शिरून यकृत आणि मूत्रपिंड गाठणारा. शिकत असताना मुंबईच्या लॅबमध्ये मी तो जिवंत पाहिला होता. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्याभोर अंधारात चांदीची बारीक तार, टोकं आकड्यासारखी वळलेली, आणि स्वतःभोवती गरागरा फिरत पळणारी. इतका सुंदर दिसतो, की आपण काय बघतोय ते विसरायला होतं. आणि तो जीवाणू आहे, म्हणजे त्याच्यावर प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालतं! मी तिच्या नवऱ्याला शेजारी बसवून तुमच्यासारखंच एकेक करून सांगितलं.

“म्हंजे पायातनं गेला, आन् डोळं पिवळं केलं?”

“हो. आणि माळ घालून तो मरणार नाही.”

त्याने तिच्या पायांवर चादर ओढली. मग म्हणाला, “द्या सुई.”

तिचं रक्त अलिबागला पाठवलं आणि रिपोर्ट यायची वाट न बघता औषध सुरू केलं. रिपोर्ट आला तेव्हा माझा अंदाज खरा ठरला, पण त्याच्या आधीच ताप उतरला होता, लघवी मोकळी झाली होती. आज ती स्वतःच्या पायांनी चालत रिक्षात बसली, बाई! मी दारापर्यंत गेले.

तुमचा पत्ता आता कोणाला विचारू? पत्र टेबलावरच राहील. पण एक कबूल करते. रिक्षा सुरू होता होता तिने वाकून विचारलं, “डाक्टरीनबाय, मग त्या उंदराला का न्हाय ताप येत?” मी म्हटलं, “त्याला सवय झालेली असते.” ती मान हलवून गेली. मला नीट उत्तर येत नाही, बाई.