धुरपदाआक्कांचा अंगन्यास

३ मार्च, सोमवार

एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर बसलो. गुडघे बाकाखाली मावेनात, पण चित्त प्रसन्न.

उमेदीची सगळी वर्षं जळगावात वार्ताहर म्हणून गेली. लोकांच्या अंतरंगाच्या बातम्या पुष्कळ दिल्या, खरं अंतरंग कधी पाहिलं नव्हतं. पेपरने जिल्ह्याचं पान बंद केलं आणि मी घरी बसून सौभाग्यवतींच्या बोलण्यातले विभक्तिदोष काढू लागलो. चौथ्या दिवशी तिनेच जाहिरात समोर धरली: चोपडा रस्त्यावरचं कॉलेज, शरीररचना आणि शरीरक्रिया, प्राथमिक प्रमाणपत्र, वयाची अट नाही. संस्कृतचा एम. ए. असल्याने नावं तरी ओळखीची निघतील, असं म्हणाली. मला घालवायची घाई होती, पण बोलली ते खरं.

खोली केळीच्या बागेला लागून मिळाली. खिडकीतून हिरवा उजेड येतो. वर्गात बहुतेक पोरी, दवाखान्यांत नोकरी धरू पाहणाऱ्या. शेजारच्या सारिकेने पहिल्याच तासाला मला काका करून टाकलं आणि माझ्या डब्यातलं लोणचं उचललं. शिकवायला दिपमाला मॅडम. माझ्या निम्म्या वयाच्या, पण आवाज असा की बरगड्या आपोआप ताठ होतात.

कोपऱ्यात सांगाडा टांगलेला आहे. इतरत्र प्लास्टिकचा असतो, इथे खरा. त्याला नाव आहे, हार आहे, संगमरवरी पाटी आहे: कै. धुरपदाबाई, माहेर नरडाणा, देहदान करणाऱ्या थोर माता. संस्थेचे अध्यक्ष हितेंद्रभाऊ यांच्या या काकू, इतर सगळ्यांच्या आक्का. मूलबाळ नव्हतं. कॉलेज उभं आहे ती जमीनही त्यांचीच. पाटीवर काकूंचं नाव बोटाएवढं, भाऊंचं वीतभर. व्याकरणात याला काय म्हणतात ते आठवलं नाही.

६ मार्च, गुरुवार

हाडांचा धडा सुरू झाला. पोरी घोकून बेजार झाल्या, मी मात्र युक्ती काढली. पूजेपूर्वी अंगन्यास करतात: एकेका अवयवाला हात लावायचा, मंत्र म्हणायचा आणि देवता तिथे बसवायची. मीही तेच केलं. उजवा हात आधी आक्कांच्या हाडाला लावायचा, मग स्वतःच्या त्याच जागी, आणि म्हणायचं: अक्षकाय नमः, अंसफलकाय नमः, प्रगंडाय नमः. एका दुपारीत डावा हात खांद्यापासून नखापर्यंत पाठ.

सारिका म्हणाली, काका, म्हातारीला उगाच गुदगुल्या होतील. मी म्हणालो, हसू लागली तर जबड्याची हाडंही पाठ करून टाकू. अख्खा वर्ग हसला. मॅडमही हसल्या, मग खोकल्या.

१४ मार्च, शुक्रवार

न्यासाचा वर्गात बोलबाला झाला. पोरी नमः नमः करत फिरतात, पण आक्कांना हात लावायला धजत नाहीत. ते मी एकटाच करतो. बरगड्या, कणा, पाय, सगळं झालं. उजवा हात तेवढा राहिला, कारण न्यास उजव्यानेच करतात आणि उजव्याने उजव्याला हात कसा लावणार? आणि कंठिका राहिली. गळ्यातलं हे घोड्याच्या नालासारखं हाड दुसऱ्या कोणत्याच हाडाला जोडलेलं नसतं, नुसतं स्नायूंच्या भरवशावर लटकतं. जिल्हा वार्ताहरासारखंच. म्हणून ते सांगाड्यात नाही, सुट्या हाडांच्या डब्यात आहे म्हणे.

२१ मार्च, शुक्रवार

स्नायूंचा धडा. मॅडमनी सांगितलं की स्नायू ओढतो, ढकलत कधीच नाही. विचार करण्यासारखं वाक्य आहे.

आज एक गंमत झाली. मधल्या सुट्टीत माझा डावा हात उगाच हवेत थापट्या मारत होता. सारिका पोट धरून हसत म्हणाली, भाकर थापी राह्यनात का काय, काका? मीही हसलो. पण मी जन्मात भाकरी थापलेली नाही. आणि हात काही वेळ थांबेना. डावरेपणाने, सफाईने थापत राहिला.

२८ मार्च, शुक्रवार

डावा हात आता दुसरंच काही करतो. पुन्हा पुन्हा खांद्याकडे जातो, तिथे चाचपडतो, काहीतरी ओढून छातीवर घेऊ पाहतो. मला वाटलं मानेचा विकार. मग आज आरशात पाहिलं.

पदर शोधतो आहे तो.

कोपऱ्यातल्या आक्कांकडे पाहिलं. अंगावर दोरा नाही बिचारीच्या. एवढा हार आहे, पण अंगावर दोरा नाही.

२ एप्रिल, बुधवार

नाडीचं प्रात्यक्षिक. जोडी सारिकेशी. तिने माझं उजवं मनगट धरलं, मोजलं. डावं धरलं, आणि तिच्या तोंडावरचं हसू गेलं. पुन्हा उजवं, पुन्हा डावं. म्हणाली, काका, या दोन नाड्या वेगळ्या शेत. मॅडमनी स्वतः धरून पाहिलं. उजवी माझी नेहमीची. डावी सावकाश, थकलेली, म्हातारीची. एका हृदयाच्या दोन नाड्या होऊ शकत नाहीत, हे त्यांनीच आदल्या तासाला शिकवलं होतं. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. मला घरी जाऊन ताक प्यायला सांगितलं.

८ एप्रिल, मंगळवार

हितेंद्रभाऊ वर्गावर आले. पांढरे कपडे, गळ्यात सोनसाखळी, बोलणं मधासारखं. मला सर म्हणाले, माझ्या बातम्या वाचायचे म्हणाले. मग काकूंच्या हाराला हात लावून पोरींना सांगू लागले की आक्का झोपेतच गेल्या, हृदय बंद पडलं, शेवटची इच्छा देहदानाचीच होती.

माझा डावा हात बाकाच्या कडेला असा आवळला की लाकडाची कपची नखात गेली. मी उजव्याने एकेक बोट सोडवलं. भाऊ माझ्याकडे पाहत होते. दातदुखी आहे, असं मी सांगितलं. हाताला.

९ एप्रिल, बुधवार

कंठिका सापडली.

सुट्या हाडांच्या डब्यातून एकेक उचलून नाव सांगायचं होतं. माझ्या हाती नेमकी तीच आली. सवयीने नमः म्हणत गळ्याला लावली, आणि मग नीट पाहिली. उजवं शिंग मोडलेलं.

मोडलेलं हाड कसं वाचायचं ते मॅडमनीच मागच्या आठवड्यात कपाशीची पऱ्हाटी मोडून दाखवलं होतं. वाळलेली मोडली की कड पांढरी आणि खडबडीत. ओली असताना मोडली की तिरकी, गुळगुळीत, आणि हाड असेल तर कडेचा रंग बाकीच्या हाडासारखाच मुरलेला. ही कड गुळगुळीत होती. आक्का ओल्या होत्या तेव्हा मोडली.

म्हाताऱ्या माणसाची कंठिका हृदय बंद पडून मोडत नाही. अंगठ्याने मोडते.

मॅडमना बाजूला घेऊन दाखवलं. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, हाताळताना तुटली असेल. मग म्हणाल्या, सर, माझं पोर शाळेत आहे. डबा कुलपात गेला.

१३ एप्रिल, रविवार

नरडाण्याला गेलो. आक्कांचे भाऊ चुडामण आबा ओट्यावर बसले होते. ऊन असं की समोरच्या घरांना जणू कढ येत होता. मी कॉलेजातला म्हटल्यावर आबा उठून आत जाऊ लागले. मी डावा हात पुढे केला, कशासाठी कोण जाणे. त्यांनी तो पाहिला, धरला आणि खाली बसले.

आपल्याकडे बाई गेली की माहेरचं लुगडं येतं. बायका तिला न्हाऊ घालतात, ते लुगडं नेसवतात, मग उचलतात. आबा लुगडं घेऊन धावत निघाले होते. पोचले तर दारात कोणी नाही. भाऊंनी डॉक्टर मित्राचा दाखला घेऊन देह पहाटेच कॉलेजात पोचवला होता. न्हाणं नाही, लुगडं नाही. कोणी गळा पाहू नये म्हणून! आबा म्हणाले: तोंड बी पाहू दिधं नही, बठ्ठं उरकी टाकं. कॉलेजखालच्या जमिनीच्या कागदावर सही करायला आक्का शेवटपर्यंत नाही म्हणत होत्या, हेही त्यांनी सांगितलं. आणि आखाजीला, अक्षय तृतीयेला, तिची घागर हितेंद्र भरत नाही. काकू विज्ञानाला दिली, घागर कशाला, असं म्हणतो. गेलेला माणूस वर्षभर तहानलेला असतो, आखाजीला पितरांच्या नावाने भरलेली घागर हेच त्याचं पाणी.

लुगडं अजून पेटीत आहे. आबांनी ते माझ्या हातात दिलं. डाव्या.

१५ एप्रिल, मंगळवार

आज बोललो. मी नव्हे. हजेरीला ओ द्यायला तोंड उघडलं, आणि म्हाताऱ्या बाईमाणसाचा आवाज आला, स्वतःचं लुगडं मागणारा: मनं लुगडं कोठे शे?

कोणी हसलं नाही. सारिका दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

१९ एप्रिल, शनिवार

पोलिसांकडे जायचं ठरवलं, त्यांच्याकडे पुरावा लागतो, म्हणून मॅडमकडे डबा मागितला. कंठिका त्यात नव्हती. भाऊंनी मागवून घेतली म्हणे, संग्रहालयासाठी. मॅडमचे डोळे सुजलेले.

दुपारी भाऊंचा फोन. आखाजीला आक्कांच्या स्मृतीचा कार्यक्रम आहे, शांतिमंत्र मीच म्हणावा. त्याआधी वर्गात दोघंच जरा निवांत बोलू. आवाज मधासारखाच. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. का, ते लिहीत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

हात शिकतो आहे. उशी घेतो. अंगठा ठेवतो तो नेमका कंठिकेच्या शिंगावर. ही जागा त्याला मीच पाठ करून दिली. नमः म्हणून.

सौभाग्यवतीचा फोन आला. मी उचलला नाही. कुठला आवाज निघेल, भरवसा नाही.

२७ एप्रिल, रविवार

माझ्या हातून माणूस मरू नये. एवढंच हवं आहे. वार्ताहर आहे मी, जल्लाद नव्हे.

न्यास उलटा करता येतो. गच्छ म्हणजे जा म्हणत, एकेक जागा सोडवत. भर दुपारी वर्गात एकटा गेलो. करंगळीपासून सुरुवात. गच्छ. करंगळी माझी झाली. खरंच माझी, हलकी, गरम—

कोपऱ्यात टक् असा आवाज. आक्कांच्या करंगळीचं हाड तारेतून सुटून फरशीवर पडलं होतं.

म्हणजे मी सोडलं तर ती अशी. एकेक हाड. मग डब्यात. मग भाऊंच्या संग्रहालयात.

मी ते उचललं. तारेत ओवलं. करंगळीला लावलं.

नमः म्हणालो. कोणी म्हणवलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

आक्कांना लुगडं नेसवलं. माझ्या डाव्या हाताने स्वतःच निऱ्या घातल्या. तेव्हापासून तो खांद्याकडे जात नाही. आता त्याला दुसरं काम आहे.

भाऊंना एक संधी द्यायची. घागर ठेवतो, कोरी. त्याने पाणी भरलं, जे केलं ते बोलला, तर गच्छ म्हणेन. सगळी हाडं सोडेन. तिलाही मान्य आहे. मान हलली. माझी.

३० एप्रिल, आखाजी

खिडकीखाली घागर. वर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला आबांनी पाठवलेली सांजोरी. वीज गेली आहे. पंखा थांबला. बाहेर पोरी झोक्यावर गात आहेत—

गाडी आली.

मॅडम दारापर्यंत आल्या. लुगडं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. सारिकेला आणि बाकीच्यांना घेऊन कार्यक्रमाच्या मंडपाकडे गेल्या. जाताना दार लोटून घेतलं. पोराची आई ती—

भाऊ आत आले. लिहितो आहे हे बघून हसले. शेवटची बातमी का, सर, म्हणाले.

घागर दाखवली. मी विचारलं, तिने विचारलं: मनी घागर भरी का रे, हितू?

भाऊ पांढरे पडले. क्षणभरच. मग पायाने—

घागर फुटली. कोरीच होती. पाणी कुठलं सांडायला.

विसर्जनाचे शब्द पाठ आहेत. ओठांवर आहेत. म्हणत नाही.

डावा उठला आहे. भाऊ मागे सरताहेत, भिंतीला आक्का— एका हाताने जमायचं नाही, स्नायू ओढतो, धरायला दुसरा—

आक्का, डावा तुमचा आहेच. हा उजवा माझा. हाही घ्या, पेन खाली ठेव