सवयीचा श्वास

३ फेब्रुवारी
डबी बाबांच्या खोलीत लावली. कपाटावर, चिकटपट्टीने. आत आमच्या कंपनीची चिप. बाबांचा श्वास ऐकत राहील. दम वाढला तर माझ्या फोनवर इशारा. एवढ्याशा सेलवर किती दिवस चालणार, बाबांनी विचारलं. म्हटलं, वर्षभर. मेंदूच्या धर्तीवर केलेली आहे — नवं काही घडलं तरच जागी होते, एरवी पडून असते.
"म्हणजे तुझ्यावर गेलीय," ते म्हणाले. एवढं बोलायलाही मध्ये थांबावं लागलं.

५ फेब्रुवारी
दार आपटलं — इशारा. भांडं पडलं — इशारा. बाबांकडे ताई असते; दर वेळी माझा तिला फोन. ती वैतागली. रडकं पोर आणून ठेवलंयस घरात, म्हणाली.

९ फेब्रुवारी
कंपनीतल्या आमच्या सरांची अख्खी नोकरी या चिपमध्ये गेली. प्रयोगशाळेत तिने सगळं करून दाखवलं. बाजारात अजून एकही नाही. आता एक मोठं रुग्णालय बघायला तयार आहे. बाकीचे नाही म्हणून गेले. हेही गेलं तर कंपनीला कुलूप.
विक्रीप्रमुखाला आम्ही पाठीमागे 'जाहिरात' म्हणतो. त्याचं एकच पालुपद: खोटे इशारे नकोत. दोन-तीन खोटे आले की नर्स यंत्र बंद करून टाकते. खरं आहे ते.
पहिल्या आठवड्यानंतर चिपचं शिकणं गोठवायचं, अशी आमची पद्धत. या वेळी चालू ठेवलं. त्याने ती घराला सरावत जाते. रोजचा आवाज तिच्या लेखी आवाजच राहत नाही.

१२ फेब्रुवारी
एकही इशारा नाही!

१८ फेब्रुवारी
आजही नाही. जाहिरातने आलेख भिंतीवर लावला. सपाट रेघ. सर तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग विचारलं, वडील कसे आहेत. म्हटलं, बरे असावेत. डबी गप्प आहे.

२१ फेब्रुवारी, रविवार
बाबांजवळ बसलो. किती दिवसांनी. जेवताना दोनदा थांबले. ओठ निळसर. ताई म्हणाली, हे असंच चाललंय, रोज थोडं जास्त. मी विचारलं, मला सांगायचं नाही का?
"तुझं यंत्र काही म्हणेना. म्हटलं, माझ्याच मनाचे खेळ."
डॉक्टरांनी औषध वाढवलं. दम पुन्हा वाढला तर थांबू नका, लगेच आणा, म्हणाले.

२२ फेब्रुवारी
डबीतल्या नोंदी काढून पाहिल्या. चिपमध्ये बिघाड नाही. बाबांचा दम रोज थोडा वाढत होता, ती रोज तेवढं शिकत होती. तिच्या मते बाबा असाच श्वास घेतात.
सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मेंदूसुद्धा हेच करतो रे," म्हणाले.
जाहिरातला वेगळीच काळजी. गुरुवारी प्रात्यक्षिक. बाबांच्याच खोलीतल्या डबीचे इशारे थेट पडद्यावर दाखवायचे ठरले आहेत. आता चिप पहिल्यापासून शिकवायची तर पुन्हा दारं आणि भांडी.
"गुरुवारपर्यंत राहू दे. घरी ताई आहे ना तुझी?" तो म्हणाला.
ताई आहे. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी हो म्हणालो.

२३ फेब्रुवारी
डबीवर विसंबू नकोस, हे ताईला सांगायला हवं. फोन हातात घेतला. ती विचारणार, मग ठेवलीस कशाला? दिवस प्रात्यक्षिकाच्या तयारीत गेला.

२४ फेब्रुवारी
उद्या झालं की सांगतो.

२५ फेब्रुवारी
बाबा गेले. हळूहळू विझत गेले, डॉक्टर म्हणाले. झोपेतच. डबीला त्यात नवं काही वाटलं नाही. ती बोलली ती नंतर — प्रात्यक्षिक चालू असताना. पडद्यावर अक्षरं: खोलीत अनोळखी आवाज. जाहिरात म्हणाला, बघा, अगदी वेळेवर. टाळ्या पडल्या. त्या चालू असतानाच मी डबीतून खोलीतला थेट आवाज सुरू केला. ताई बाबांना हाका मारत होती.