कच्चं ताट, जुनी गोळी

।। श्री ।।

शंकर नगर, रायपूर
३ नोव्हेंबर २०२४

ती. मीराताईस,
प्रेमलाचा सा. न. वि. वि.

तुझे कान फोनला दाद देईनात म्हणून तू मला पत्रं लिहायला लावलीस, तेव्हा मी कुरकुरले होते. आता वाटतं, बरंच झालं. घरात धड चालणारा फोन एकच, तो ह्यांच्या खिशात, आणि कोणाचाही निरोप आला की हे तो मोठ्यानं वाचून दाखवतात. आज जे लिहायचं आहे ते ह्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

ह्यांनी घरात कच्चं जेवण सुरू केलं आहे. तेलीबांध्याला एका हॉलमध्ये रविवारी वर्ग भरतो, तिथून एक तक्ता आणून फ्रिजला चिकटवला. पहिले पंधरा दिवस फक्त सकाळचं खाणं कच्चं, मग रात्रीचंही, आणि संक्रांतीपासून दुपारचंसुद्धा. एकदम नाही, हळूहळू, असं त्यात तीनदा छापलं आहे. रेल्वेच्या ऑफिसात छत्तीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांभाळलेला माणूस, तक्ता दिसला की त्यांना सगळं खरंच वाटतं.

मी म्हटलं, साखरेचा आजार असलेल्या माणसानं हे असं करावं का. तर म्हणाले, साखरेसाठीच तर करून राहिलो. वर्गातले गुरुजी सांगतात म्हणे की तीन महिन्यांत सगळ्या गोळ्या सुटतात. ताई, आमचे मोठे भासरे, ह्यांचे थोरले भाऊ, गेल्या वर्षी ह्याच आजारानं गेले. त्यांनीही कोणाचं तरी ऐकून गोळ्या सोडल्या होत्या.

सध्या मी मटकी फडक्यात बांधून पिठाच्या डब्याजवळ उबेला ठेवते, पालेभाजी मिठाच्या पाण्यातून तीनदा काढते, आणि रस काढण्याआधी दुधीची फोड स्वतः चाखते, कडू निघाला तर विष असतं म्हणतात. काम तेवढंच आहे, फक्त गॅस पेटत नाही.

तुझ्या मायेची ऊब इकडेही पोचू दे.

तुझी,
प्रेमला

~

वर्धा
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रेमला हिस,
अनेक उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, माफ कर. तुझ्या लग्नात मारोतीरावांनी अकरा पुऱ्या खाल्ल्या होत्या, त्या मी वाढल्या होत्या. तो माणूस काकडी चावतो आहे हे मला डोळ्यांपुढे आणता येईना.

पण तू घाबरलीस हे अक्षरावरूनच कळलं. शाळेत तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या, घाबरलेल्या मुलीची ओळ नेहमी खाली उतरते. म्हणून नीट सांगते. कच्चं खाणं म्हणजे काही अघोरी प्रकार नाही. आपण हुरडा, काकडी, मुळा, पेरू खातच आलो. भीती ताटातल्या खाण्याची नाही, न विचारता करण्याची आहे. तुमच्या त्या डॉक्टरीणबाई आहेत ना, डॉ. निवेदिता, त्यांच्याकडे दोघांनी जा. दोघांनी, हे अधोरेखित समज.

आणि एक विचारते, रागावू नकोस. तुला काळजी जास्त आहे, की तुझ्या हातचं वरण नाकारलं ते जास्त लागलं आहे?

माझी गुडघेदुखी जिथल्या तिथे. आठवण ठेव आणि मलाही ठेवू दे.

तुझी ताई,
मीरा

~

शंकर नगर, रायपूर
२ डिसेंबर २०२४

ती. मीराताईस,
सा. न. वि. वि.

लागलं, हे खरं आहे. मी आता एकटीसाठी भात लावते आणि ओट्यापाशी उभी राहून खाते. ह्यांच्यासमोर ताट घेऊन बसले की मलाच चोरी केल्यासारखं होतं.

पण काळजी त्याहून मोठी आहे. रात्रीचं जेवणही कच्चं होऊन दोन आठवडे झाले. वजन चार किलो उतरलं. पँट पट्ट्यानं गोळा करून बांधतात. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या बायका मला बाजूला घेऊन विचारतात, भैया की तबीयत ठीक है ना. निधी रविवारी नवा रायपूरहून आली, तिला सांगितलं, तर आपल्या पोरी मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात, तसं म्हणाली, मम्मी, आप टेंशन बहुत लेती हो.

आता जे लिहिते ते तुझ्यापुरतंच ठेव. हे मागच्या आठवड्यात एकटेच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. परत येऊन म्हणाले, खाणं बदललं म्हणून सकाळची साखरेची गोळी कमी ताकदीची करायला सांगितली आहे. येताना धर्मपाल भैयांच्या दुकानातून नवी पट्टीही आणली. नाव तेच, फक्त आकडा लहान. मला ते खरं वाटलं नाही. वाटलं, हे त्या गुरुजींचं काम आहे, आज कमी करतील, उद्या सोडतील, आणि भासऱ्यांसारखं होईल. दिवसभर पेरू आणि पपई खाणाऱ्या माणसाची साखर वाढेल की कमी होईल, तूच सांग.

ताई, मी नवी पट्टी तांदळाच्या डब्यामागे ठेवली आहे आणि जुनीच गोळी देते. लग्नापासून ह्यांच्या तळहातावर औषध मीच ठेवते, हे न बघता तोंडात टाकतात. तेवढा त्यांचा भरवसा आहे माझ्यावर.

रागावलीस तरी लिहीत राहा.

प्रेमला

~

वर्धा
७ डिसेंबर २०२४, स्पीड पोस्टानं

चि. प्रेमला,
उ. आ.

नमस्कार-चमत्काराला वेळ नाही. पत्र हातात पडेल त्या क्षणी उठ आणि डॉक्टरीणबाईंना स्वतः विचार. इथे शेजारच्या गंधालीला विचारलं, ती नर्स आहे. तुमचं नाव सांगितलं नाही. ती म्हणाली, अन्न कमी आणि गोळी तेवढीच, तर साखर वाढत नाही, एकदम खाली जाते. माणूस घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो, बेशुद्ध पडतो.

गंधालीचा फोन घेऊन तुमचा नंबर दोनदा काढला आणि ठेवला. फोन मारोतीरावच उचलणार. त्यांना मी काय सांगू, तुमची बायको तुमच्याशी खोटं वागते म्हणून? निधीला सांगावं तर तू माझ्यापुरतं ठेव म्हणालीस.

आधी गोळी बदल. मग मला शिव्या दे.

मीरा

~

शंकर नगर, रायपूर
१४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाराव्या तारखेला आलं. हे अकरा तारखेला पडले.

सकाळी गोळी घेतली, मूग आणि अर्धा पेरू खाल्ला आणि तलावावर फिरायला गेले. तिथे बाकावर बसले ते उठेनात. थंडीत सदरा भिजला होता. काहीतरी बरळत होते, म्हणून लोकांना वाटलं दारू प्यायले आहेत, बाजूनं निघून जात होते. सोनिया नावाची एक मुलगी धावायला येते, तिच्या आजीला असंच होत असे. तिनं चहावाल्याकडून साखर घेऊन पाण्यात घोळून पाजली आणि ह्यांच्या खिशातल्या फोनवरून निधीला बोलावलं. जवळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा, एवढं पाजूनसुद्धा, साखर अठ्ठेचाळीस होती. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं.

आता हे घरी आहेत, बोलतात, मटकी मागतात. मी मात्र पाणी घेऊन गेले की पेला ठेवून लगेच बाहेर येते.

ताई, मी काय केलं ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कोणती गोळी चालू आहे म्हणून विचारलं. निधीनं घरून औषधाचा डबा आणला. त्यात जुनीच पट्टी होती, कारण नवी तांदळामागे. सगळ्यांनी धरलं की दुकानातूनच चुकीची मिळाली. मी तिथे उभी होते. तोंड उघडलं नाही.

काल हे निधीला घेऊन धर्मपाल भैयांकडे गेले. वीस वर्षांची ओळख, कोरोनात त्या माणसानं रात्रीबेरात्री औषध घरी आणून दिलं होतं. चार गिऱ्हाइकांसमोर हे त्याला बोलले की तू माझा जीव घेत होतास. निधी सांगत होती, त्यानं हात जोडले, आणि म्हणाला, भैया, गलती हुई होगी, माफ करो. त्यानं चूक केलीच नव्हती, तरी.

सांगितलं तर हे मला घरात ठेवतील का, हे विचारायलाही भीती वाटते. तूच सांग काय करू.

प्रेमला

~

वर्धा
१९ डिसेंबर २०२४

चि. प्रेमला,
उ. आ.

दोन दिवस पत्र उशाशी ठेवून झोपले. नंबर दोनदा काढून ठेवला, असं मी लिहिलं होतं. ती लाज होती, मर्यादा नव्हती. मेहुण्यांपुढे आपण वाईट दिसू, एवढ्यासाठी मी चार दिवस घालवले. तेव्हा ह्यातला अर्धा वाटा माझा आहे, तो मी घेते.

पण धर्मपालचा वाटा आपल्यापैकी कोणालाच घेता येत नाही. तो निरपराध माणूस आपल्या दुकानात मान खाली घालून बसला असेल. त्याला आता स्वतःवरच शंका येत असेल, प्रत्येक पट्टी दोनदा बघत असेल. मारोतीरावांना आजच सांग. घरात ठेवतील की नाही, ते त्यांना ठरवू दे. नाही ठेवलं, तर वर्ध्याला माझ्या खोलीत दुसरा पलंग आहे.

हे मी ताई म्हणून लिहिते, मास्तरीण म्हणून नाही.

मीरा

~

शंकर नगर, रायपूर
२९ डिसेंबर २०२४

ती. मीराताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी. नवी पट्टी काढून ह्यांच्यासमोर ठेवली आणि जसं झालं तसं बोलले. हे बराच वेळ पट्टीवरचा आकडा वाचत बसले. मग एवढंच विचारलं, मी खोटं बोललो असं तुले काहून वाटलं. मी म्हटलं, भासऱ्यांनीही घरात हेच सांगितलं होतं, डॉक्टरांनी कमी केली म्हणून. हे म्हणाले, मग डॉक्टरले फोन काहून नाही केला. मी खरं तेच सांगितलं. विचारलं असतं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असतं, तर गोळी मला माझ्या हातानं कमी करावी लागली असती. तेवढी हिंमत नव्हती.

हे उठले, चपला घातल्या. मला वाटलं, गेले. दारातून म्हणाले, चल. धर्मपाल भैयांच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. हे म्हणाले, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून आजही सगळ्यांसमोर सांगतो, चूक तुझी नव्हती, माझ्या घरची होती. तेवढ्यावर ते थांबले होते. माझं नाव घेतलं नव्हतं. मग मीच पुढे होऊन म्हटलं, भैया, मैंने पुरानी दवा दी थी. त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होतास. खुर्चीवर बसला आणि डोळे पुसले. म्हणाला, दीदी, आठ दिवस झाले, मी दुकान दुसऱ्यावर सोपवायचा विचार करत होतो.

घरी आल्यापासून हे माझ्याशी कामापुरतंच बोलतात. गोळी स्वतः घेतात, आकडा वाचून. मी स्वयंपाकघरातून बघते. हे बरोबरच आहे, तरी बघवत नाही. उद्या डॉक्टरीणबाईंकडे दोघांनी जायचं ठरलं आहे. तू अधोरेखित केलं होतंस.

दुसरा पलंग सध्या रिकामाच असू दे. तुझी सावली डोक्यावर असू दे.

प्रेमला

~

शंकर नगर, रायपूर
१२ जानेवारी २०२५

ती. मीराताई यांस,
मारोतीचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय गेली आहे, ऑफिसच्या अर्जासारखं झालं तर समजून घ्या. तुमची सगळी पत्रं प्रेमलानं मला वाचायला दिली. पुऱ्या अकरा नव्हत्या, नऊ होत्या.

मला राग आला होता, आणि तो दोन आठवडे टिकला. तुम्हाला खोटं का सांगू. तिनं माझ्या तळहातावर काय ठेवलं ते आठवलं की अंग गार व्हायचं. पण डॉक्टरांकडे गेलो तेव्हा माझीही वेळ आली. डॉ. निवेदितांनी विचारलं, चांगलं वरण-भात सोडून एवढ्या हट्टानं हे काहून सुरू केलं. प्रेमला शेजारीच बसली होती. मग सांगावं लागलं. दसऱ्यापासून माझ्या डाव्या पायाची बोटं बधिर आहेत. भाऊंचं असंच सुरू झालं होतं, पुढे त्यांचा पाय गेला. मी कोणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. तक्ता हातात आला तेव्हा वाटलं, हे पाळलं तर पाय वाचेल, आणि घरात कोणाला कळणारही नाही. प्रेमलाला मी फक्त एवढं म्हटलं की साखरेसाठी करून राहिलो. ती घाबरली त्याला मीही कारण आहे.

डॉक्टरांनी दोघांनाही रागावलं. आता सकाळचं कच्चं आहे, दुपारी भाकरी, वरण आणि वाटीभर कोशिंबीर, रात्री शिजवलेलं पण थोडं. संक्रांतीचा टप्पा तक्त्यावरून खोडला. रविवारचा वर्ग सोडला नाही, पण तिथे उभा राहून माझं काय झालं ते सांगून आलो. गुरुजींना आवडलं नाही. गोळी कमी ताकदीची, आणि ती मी तिच्यासमोर घेतो. ती आकडा वाचते, मीही वाचतो. जेवायला आता दोघंही एकाच वेळी बसतो, तिची उभ्यानं खाण्याची खोड मोडायला आठ दिवस लागले.

पायाचं पूर्ण बरं होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. वाढू द्यायचं नाही, एवढं हातात आहे. रोज संध्याकाळी प्रेमला माझा पाय मांडीवर घेते, मला डोळे मिटायला लावते, आणि एकेका बोटाला कापसाची वात लावून विचारते, कळलं का. पहिल्या दिवशी पाचही बोटांना मी हो म्हणालो. तिनं तेव्हा वात लावलीच नव्हती. आता तीन बोटांना हो म्हणतो, आणि दोन कळत नाहीत, तेही सांगतो.

थंडी ओसरली की तुम्ही इकडे या. आमच्या दोघांवर असाच जीव लावून ठेवा.

आपला,
मारोती