बाबांची संथ प्रगती

४ जानेवारी, सकाळी ६.१०
नवी वही. ही कुणी वाचायची नाही, म्हणून सगळं खरं लिहायचं.
काल सर्टिफिकेट आलं. 'उत्तरवयातील जागरूक हालचाल', सहा आठवडे, ऑनलाइन. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आता पहिली कोचही मीच. आईने ते डिग्रीशेजारी, बंद घड्याळाच्या खाली टांगलं.
ठराव: एप्रिलमध्ये इमारतीच्या हॉलमध्ये साठीपुढच्यांसाठी वर्ग सुरू करायचा. पहिले विद्यार्थी बाबा. वय बासष्ट. त्यातली चाळीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभी. हात हलला तो लोकांच्या शर्टांसाठी, स्वतःसाठी कधीच नाही.
बाबांना विचारलं. म्हणाले, तू शिकलेली आहेस, तुला कळतं.

९ जानेवारी
तक्ता तयार केला आणि दुकानात, टेबलाच्या वर चिकटवला. रकाने चार: श्वास, संथ चाल, स्थिरता, चेहऱ्यावरची शांती. प्रत्येकी दहा गुण.
संथ चालीत बाबांना पहिल्याच दिवशी सात. कोर्समधल्या बाई सांगायच्या, माणसाला हळू चालायला शिकवणं महाकर्मकठीण. बाबांना शिकवावंच लागलं नाही. उपजत आहे.

२० जानेवारी
चालताना बाबांचा उजवा हात हलत नाही. अंगाशी शांत लटकतो. डावा अजून हलतो. डाव्यावर काम करायला हवं.
आईचं म्हणणं, उजवा गेल्या उन्हाळ्यापासून असाच आहे. मी तिला समजावलं की काही शरीरांना तयारी आधीपासूनच कळते. ती 'हो का' म्हणाली आणि भांडी घासायला बसली. भांडी जरा जोरातच घासली.

२ फेब्रुवारी
आईशी वाद.
आमच्या दोन खोल्या दुकानाच्या मागे. मधे उंबरा. बाबा हल्ली त्या उंबऱ्याशी थोडे थांबतात. मला वाटतं, तिथे ते आत पाहतात. पण ते थांबले रे थांबले, की आई गाठोड्यातले शर्ट मोजावेत तसं खड्या आवाजात सुरू करते, एक, दोन, तीन. लगेच बाबा झपाझप पावलं टाकत पलीकडे.
मी तिला सांगितलं, बाहेरून हुकूम आला की आतली लय मोडते. ती म्हणाली, आतली लय उंबऱ्यात बसून राहिली तर गिऱ्हाइकाने यायचं कुठून?
मोजण्यावर बंदी घातली. वीजबिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत, जिथे जिथे वाचण्याचा प्रश्न येतो तिथे या घरात माझा शब्द शेवटचा. त्यात आता चालणंही आलं. जबाबदारीने छाती भरून येते.

१४ फेब्रुवारी
आमच्याकडे प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला गिऱ्हाइकाचा नंबर घालतात, न जाणाऱ्या शाईने. ते काम बाबांचं. त्यांचे आकडे दिवसेंदिवस लहान होत चालले आहेत. पहिला आकडा दिसतो, शेवटचा म्हणजे मुंगीच.
आज बँकेतल्या साहेबांना भलत्याच कुणाची पँट गेली. चार इंच आखूड. ते ती घालून बँकेत गेले आणि तशीच घालून तक्रार करायला आले. शेजारच्या टेलरकाकांनी बाबांना भिंग देऊ केलं.
मी साहेबांना सांगितलं की एकाग्रता वाढली की अक्षर सूक्ष्म होतं. हे कोर्समध्ये नव्हतं. माझं स्वतःचं निरीक्षण आहे. वर्गाच्या पत्रकात घालीन.

२८ फेब्रुवारी
चेहऱ्यावरची शांती: नऊ.
टेलरकाका म्हणाले, तुझा बाप इतका हळू चालतो की त्याची सावली आधी घरी पोचून चहा पिते. सगळे हसले. आईसुद्धा. बाबा नाही. पापणीसुद्धा लवली नाही. निंदा-स्तुतीच्या पलीकडे गेलेला माणूस कसा दिसतो ते मी आज पाहिलं.
नंतर त्यांना तसं सांगून अभिनंदन केलं. ते गोंधळले. म्हणाले, "मी हसलो होतो की गं."
नोंद: हास्य आतल्या आत घडतं. प्रगत अवस्था.

११ मार्च, दुपार
इस्त्री शर्टावर टेकलेली. बाबा मूठ धरून उभे. धूर निघत होता.
मागच्या खोलीत भांडी लावत असलेली आई वासाने धावत आली. मीही. बाबा धुराच्या मधोमध आणि त्यांना वास नाही. आईने इस्त्री उचलली, त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, दूध करपलेलंही यांना कळत नाही, किती महिने झाले.
इंद्रियनिग्रह, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. शंका हा कोचचा शत्रू आहे, तरी आज लिहिताना पेन दोनदा थांबलं.
पांढरा शर्ट. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. भरपाई दिली तरी आईने तो फेकला नाही. माझ्या तक्त्याशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवला आहे. गुण लिहायला गेलं की समोर तोच.

१३ मार्च
आईला शर्ट काढायला सांगितलं. ती म्हणाली, तुझा तक्ता निघाला की माझा शर्ट निघेल.

२५ मार्च
बाबांचा आवाज बारीक झाला आहे. गिऱ्हाइकं 'काय?' 'काय?' करत टेबलावर वाकतात. मौनाकडे वाटचाल, दुसरं काय.
वर्ग ६ एप्रिलला नक्की. पत्रकं वाटून झाली. चौदा नावं आली, त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड नर्सही आहेत. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. पहिल्या दिवशी बाबा प्रात्यक्षिक देतील.
त्यांना हे सांगितलं तेव्हा ते सदऱ्याचं बटण लावत होते. माझं सांगून संपलं तरी तेच बटण. मग अगदी हळू विचारलं, "माझं बरोबर चाललंय ना?"
मी म्हटलं, उत्तम.
"मग बरं. मला वाटत होतं, काहीतरी बिघडलंय."
चारही रकान्यांत दहा दिले. शर्टाकडे पाहिलं नाही.

६ एप्रिल, संध्याकाळ
झालं ते क्रमाने लिहिते.
हॉलमध्ये चौदा जण, गोल करून. मी बोलले. उतारवय म्हणजे उतार नव्हे, वगैरे. मग दाराकडे हात केला. बाबा दारातून आत यायचे होते. कडक इस्त्रीचा सदरा, इस्त्री आईने केलेली.
ते दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले.
मी म्हटलं, पाहा. घाई नाही. हा विराम पाहा. सगळे पाहत राहिले. एका आजोबांनी डोळे मिटले. दोघी बायका बाबांसारख्याच झुकून उभ्या राहू लागल्या. मी त्यांना पाठ सरळ ठेवायला सांगितलं. एक मिनिट झालं असेल. बाबांची टाच उचलली जात होती, पुढचा पाय जमिनीला खिळल्यासारखा. सगळा देह पुढे झुकलेला. कपाळावर घाम. डोळे माझ्यावर.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी.
सिस्टर उठल्या. टाळ्या चालू असतानाच बाबांपाशी गेल्या, त्यांचं कोपर धरून हात दोनदा वाकवून पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.
"मुली, हे थांबलेले नाहीत. हे अडकलेत."
मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही. मागून आईचा आवाज आला. बंदी मोडून, खड्या आवाजात. एक. दोन. तीन.
बाबा आत आले.

७ एप्रिल
सिस्टर सकाळी साडेसातला आल्या. चहाला नको म्हणाल्या. डॉक्टरांची वेळ घेऊनच आल्या होत्या.
वर्गाची चौकशी करायला पाच जण येऊन गेले. कालचा विराम त्यांना फार आवडला.

९ एप्रिल
डॉक्टरांनी बाबांना चालवलं, बोटं उघड-मीट करायला लावली, एक ओळ लिहून घेतली. ओळ जाता जाता मुंगी झाली.
पार्किन्सन. मी म्हटलं, पण बाबांचे हात कापत नाहीत. ते म्हणाले, सगळ्यांचे कापत नाहीत.
कधीपासून, असं विचारलं. बाबा म्हणाले, परवापासून. आई म्हणाली, वर्ष होईल. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली मी.
वही पिशवीत होती. काढली आणि वाचली. हात, तारीख. अक्षर, तारीख. चेहरा, वास, आवाज. गुण गाळून वाचत होते, तरी एकदा 'प्रगत अवस्था' तोंडातून गेलंच. आई भिंतीकडे बघत होती.
डॉक्टर म्हणाले, इतकी काटेकोर नोंद पेशंटचे नातेवाईक कधी आणत नाहीत. त्यांनी फाइलसाठी झेरॉक्स मागितली. बाहेरच्या मुलीने प्रत्येक पान उलटून काढली.
गोळ्या दिल्या. आणि व्यायाम, आयुष्यभर, रोज. मोठी पावलं, हात जोरात हलवत, कुणीतरी मोठ्याने मोजायला हवं. संथ काही नको. लवकर आला असतात तर सोपं गेलं असतं, एवढंच बोलले. हेही कागद बघत.
जिन्यात बाबा म्हणाले, दहापैकी दहा होते गं मला.

१६ एप्रिल, सकाळी ६.१०
हॉल रद्द केला. तक्ता काढला. आईने शर्ट काढला, त्याचं फडकं केलं.
रोज सकाळी दुकानापुढच्या रस्त्यावर आई मोजते, बाबा चालतात. टेलरकाका दारातून उरलेले आकडे म्हणतात. काल वीसपर्यंत गेले. मी मोजून पाहिलं, माझा आवाज पुरत नाही.
बाबांनी मला नंबर घालायचं काम दिलं आहे. मोठे घालते.